तात्यांची हलगी आणि माझे पाय

सगळ्यात आधी भिगवणचे हलगीवाले तात्या. मग माझे मालक, मग मालकीणबाई, मग शेजारची म्हैस आणि मग बाकीचं जग. आभारांचा हा क्रम मालकांना आवडायचा नाही, कारण त्यांच्या मते मला घडवलं ते त्यांनी. ते मला खाऊ घालतात, खरारा करतात, महिन्यातून एकदा माझ्या शेपटीला स्वतःचा शाम्पू लावतात. त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहेच. आभार मानणं हा माझा स्वभाव आहे, आणि घाबरणं हा दुसरा. पण आज मी शेळगावात, उसाच्या बांधाजवळ, आंब्याखाली स्वतःच्या दावणीला उभा आहे आणि कुठल्या बाजारात परक्या माणसाला दात दाखवत उभा नाही, ते तात्यांमुळे. म्हणून त्यांना पहिला नमस्कार.

मी घोडा आहे. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं. पुढं शाळेचा विषय निघणार आहे आणि वाचणाऱ्याचा गोंधळ व्हायचा.

जन्म मारवाडातला. तिकडं वाळू असते, इकडं काळी माती. वाळू पायाला धरून ठेवत नाही. इकडची माती पाऊस पडला की नालासकट पाय मागते. आमच्या घराण्याचे कान टोकाला आत वळून एकमेकांना टेकतात. मालक येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, ही खानदानाची खूण. मला विचाराल तर असे कान फक्त घाबरायच्या कामाचे. सगळ्या दिशांचं सगळं ऐकू येतं.

दोन वर्षांचा झालो तेव्हा मला नाचाच्या शाळेत घातलं. शाळा म्हणजे एक आवार, दोन खांब, एक ढोल आणि एक गुरुजी. पहिला धडा, पायात घुंगरू बांधून जागच्या जागी पाय उचलायचे. तो मी कसाबसा पास झालो. दुसरा धडा, ढोल वाजला की पाय उचलायचे आणि थांबला की थांबायचे. ह्यात मी मागं पडलो. ढोल वाजत असेपर्यंत मला बरं वाटायचं. तो थांबला की मला वाटायचं, का थांबला, काही झालं का, आणि नेमका तेव्हा मी पाय उचलायचो. तिसरा धडा खाटेवर चढून नाचायचा. शाळेची खाट त्या दिवशी विणायला दिली होती, म्हणून गुरुजींनी घरातली स्वतःची आणली. सासऱ्यांनी दिलेली. मी पुढचे दोन पाय वर ठेवले. मग मागचे दोन. चारही पाय जमिनीवर नाहीत हे लक्षात आलं तेव्हा मी चारही एकदम उचलायला गेलो, आणि खाट मोडली.

तिथंच शिक्षण संपलं. गुरुजी काही बोलले नाहीत. माणूस ओरडला तर बरं असतं. तो गप्प बसला की दुसऱ्या दिवशी ट्रक येतो. आला.

मग एका व्यापाऱ्याबरोबर हिंडत हिंडत मी नीरेपलीकडं अकलूजच्या घोडेबाजारात पोचलो. तिथं मला मालकांनी पहिल्यांदा पाहिलं. पाहिलं म्हणजे, त्यांनी माझे भोवरे पाहिले. अंगावरचे केस गोल गरगरतात ना, तो भोवरा. इकडं घोडा घेताना भोवरा कुठं आहे ते बघतात. एका जागी असला तर भरभराट, दुसऱ्या जागी असला तर घराला कुलूप. मालकांच्या खिशात शुभ-अशुभ भोवऱ्यांचा घडी घातलेला कागद होता. चष्मा नाकावर सरकवून ते माझ्याभोवती फिरत होते. गळ्याखाली बोट घालून म्हणाले, "देवमण हाय." मग चार पांढरे पाय आणि कपाळावरचा पांढरा पट्टा मोजून म्हणाले, "पंचकल्याणी हाय." आवाज भरून आला होता त्यांचा. देवमण म्हणजे सगळ्यात भाग्यवान भोवरा. तो माझ्या गळ्याशी जन्मापासून आहे, खाट मोडली तेव्हाही होता.

माझ्या डाव्या हाताला एक पांढरा घोडा मागच्या पायांवर उभा राहून नाचत होता. शंभर माणसं त्याच्याभोवती होती. मालकांनी तिकडं पाहिलंही नाही. ते तेव्हा माझ्या शेपटीखाली काही अशुभ आहे का ते बघत होते. सगळं उरकलं, दोर हातात आला, आणि निघता निघता त्यांना आठवलं.

"नाचतो का वो ह्यो?"

व्यापारी जराही अडखळला नाही. म्हणाला, "घोडा तो हर कोई नाचता है साहेब. बजानेवाला चाहिए."

मालक खूश झाले. ह्या वाक्यात उत्तर नाही हे माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्याच्याही लक्षात आलं होतं.

शेळगावात आल्यावर पहिले आठ दिवस मी डोळा मिटला नाही. घाबरण्यासारखं इतकं होतं की कुठून सुरुवात करावी कळेना. बांधावर ठिबकच्या काळ्या नळ्यांची वेटोळी पडलेली. विहिरीवरची मोटर, लाईट आली की कुणी हात न लावता आपोआप गुरगुरायला लागणारी. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावरची गाणी, कारखान्याचा भोंगा. शेजारी म्हैस. तिला कशाचंच काही वाटत नाही. मी दचकलो की ती रवंथ थांबवते, माझ्याकडं बघते आणि पुन्हा रवंथ सुरू करते. आमचं एवढंच बोलणं, पण मला त्याचा आधार वाटतो.

घाबरलो की माझे पुढचे पाय आलटून पालटून उचलले जातात. डावा, उजवा, उजवा, डावा. मी उचलत नाही, ते उचलले जातात. पळून जायचं असतं पण दावं बांधलेलं असतं, म्हणून पाय जागच्या जागी पळून घेतात. मालकांना वाटलं मला माश्या चावतात. त्यांनी कडुनिंबाचं तेल चोळलं. आणि भीती फारच मोठी असली तर उलट होतं. मी दगड होतो. कान हलत नाहीत, शेपूट हलत नाही. तेव्हा मालक म्हणतात, "बघा कसा रुबाबात उभाय."

मालक नववीतून उठले ते परत बसले नाहीत. "शाळा सोडली म्हणून तर एवढा ऊस करतोय," असं ते छाती पुढं काढून सांगतात. मला शाळा सुटल्याची लाज वाटते, त्यांना वाटत नाही. घोड्यात आणि माणसात मुख्य फरक हाच असावा. रोज सकाळी ते मला घेऊन फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर जातात. चालत. माझ्यावर ते एकदाच बसले, पहिल्या दिवशी; ह्या बाजूनं चढले आणि त्या बाजूनं लगेच उतरले. तेव्हापासून "जनावराला फिरवून आणतो" म्हणतात. खरं म्हणजे डॉक्टरांनी त्यांना चालायला सांगितलंय. मी त्यांना फिरवून आणतो.

टपरीवर सगळे त्यांना आबा म्हणतात. तिथंच ते संकट जन्माला आलं.

"आबा, घोडा नाचतो म्हणं."

"नाचतो म्हंजी? खाटंवर नाचतो."

मी कान पाडले. खाटेचा विषय ह्यांना कुठून कळला?

"मग दावा की जरा."

"हितं? टपरीवर? त्येला वाजाप लागतं."

"माझ्या मोबाईलात हाय की हलगी."

"मोबाईलवर नाचाया त्यो काय तुझं पोरगं हाय व्हय?" मालक म्हणाले. बाकीचे हसले, आणि हशा मिळाला की मालकांना थांबता येत नाही. "भाच्याच्या परण्याला या पिंपळीला. माझा घोडा नाचणार हाय. डोळं भरून बघा."

लग्न लागायच्या आधी नवरदेव घोड्यावर बसून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला जातो, त्याला इकडं परण्या म्हणतात. मारुती ब्रह्मचारी. लग्नाच्या दिवशी नेमकं त्याच्याकडं का जायचं हे मी म्हशीला विचारलं. ती रवंथ करत राहिली.

टपरीवरून घरी येताना मालक माझ्या कानाशी म्हणाले, "येतंय न्हवं तुला?" आवाजात पहिल्यांदाच जरा काळजी होती. मी नेहमीप्रमाणे उभा राहिलो.

दुसऱ्या दिवसापासून माझी दुसरी शाळा सुरू झाली. मालकांनी बारामतीहून एक लाल स्पीकर आणला आणि तो माझ्या गव्हाणीत, कडब्यावर ठेवला. मी तो चाटला, कारण गव्हाणीत ठेवलेली वस्तू खायची असते असा माझा तोवरचा अनुभव होता. त्यातून हलगी सुरू झाली तशी मी मागं सरकलो आणि दावं ताणून दगड झालो. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी मालकांना वाटलं, ह्याला नुसतं ऐकवून कळत नसेल, करून दाखवावं. त्यांनी चपला बाजूला काढल्या, टोपी खुंटीला अडकवली आणि ते माझ्यापुढं नाचायला लागले. डावा पाय, उजवा पाय, मग एक गिरकी. गिरकी त्यांच्या पोटाला जरा उशिरा कळायची.

मालकीणबाई दुधाची किटली घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, ते माहीत नाही.

"अवो, घोडा शिकतोय का तुमी?"

"त्येला दावतोय."

"त्यो कुटं बघतोय? म्हस बघतीया."

म्हैस खरंच बघत होती. रवंथ थांबवून.

मालकांनी स्पीकर बंद केला. धाप लागली होती. मालकीणबाईंनी विचारलं, "आन न्हाईच नाचला तर?"

"तर येत्या बाजारात उभा करायचा," मालक म्हणाले. "उभं राहाया चांगलं येतंय त्येला."

हे मी दोन्ही कानांनी ऐकलं. त्यानंतर मी कडबा खाल्ला पण चव लागली नाही. ट्रकमध्ये चढण्याची मला सवय नव्हती असं नाही. सवय होती, म्हणूनच नको होतं. प्रत्येक वेळी नवा माणूस भोवरे मोजणार, दात बघणार आणि मग कुठल्या तरी नव्या गावी मला पुन्हा आठ दिवस डोळा मिटता येणार नाही. इथल्या मोटरीची भीती आता ओळखीची झाली होती. आणि रोज संध्याकाळी मालकीणबाई शेवटची भाकरी घेऊन येतात, ती हातानं मोडून देतात, आणि जाताना कपाळावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर तळवा ठेवतात. तो तळवा ह्या जगात दुसऱ्या कुठल्या गोठ्यात मिळेल ह्याची मला खात्री नव्हती.

परण्याला आठ दिवस उरले तेव्हा मालकांनी पिकअप बोलावला आणि मला भिगवणला नेलं. "तात्याची हलगी ऐकून मुडदाबी उठतो," असं ते ड्रायव्हरला सांगत होते. म्हणजे माझी गणना कशात झाली होती ते समजून घ्या.

भिगवण म्हणजे उजनीचं पसरलेलं पाणी आणि हवेत तळलेल्या माशांचा वास. पाण्यात गुलाबी पाय असलेले उंच पक्षी एका पायावर उभे होते. तेही लांबून येतात म्हणे, माझ्यापेक्षाही लांबून. लोक गाड्या करून, दुर्बिणी घेऊन त्यांना बघायला येतात आणि ते दिवसभर नुसते उभे राहतात. त्यांना कुणी म्हणत नाही की उभं राहाया चांगलं येतंय.

तात्या पाण्याकडेच्या मोकळ्या रानात जाळ करून हलगी शेकत बसले होते. चामडं तापल्याशिवाय हलगी बोलत नाही. अंगानं काटकुळे, मिशी पांढरी, उजवा गुडघा उठताना कुरकुरणारा. उठले, हलगी खांद्याला अडकवली, माझ्यासमोर उभे राहिले आणि एक तोडा वाजवला. मी उभा राहिलो. दुसरा वाजवला, जोरात. मी आणखी उभा राहिलो. मालक पलीकडून मला डोळ्यांनी काहीतरी खुणावत होते.

तेवढ्यात माशांचा एक टेम्पो मागं मागं येताना पीं पीं करायला लागला. मला माहीत नव्हतं तो कुणाच्या अंगावर येतोय. माझे पाय सुटले. डावा, उजवा, उजवा, डावा, डावा. टेम्पो थांबला, पाय थांबले.

तात्यांनी वाजवणं केव्हाच थांबवलं होतं. ते माझ्या पायांकडं बघत होते.

"आबा," ते म्हणाले, "तुमी जाऊन मासं खाऊन या."

"आन घोडा?"

"घोडा मासं खात न्हाय."

मालक गेले. माशांपुढं त्यांचा फार वेळ विरोध टिकत नाही. तात्या एका दगडावर बसले, गुडघा लांब केला आणि बिडी पेटवली. मग म्हणाले, "तुला नाचता येत न्हाय."

आत्तापर्यंत इतकी माणसं माझ्याशी बोलली, पण खरं बोलणारा हा पहिला. मला रडू आलं असतं, पण घोड्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की लोक डॉक्टर बोलावतात.

"भितूस व्हय रं," ते म्हणाले. बिडी विझवली. मग उठले, हलगीवर हळूच एक टिचकी मारली आणि शेजारी पडलेली प्लॅस्टिकची पिशवी पायानं उडवली. पिशवी फडफडली. माझा डावा पाय उचलला गेला, आणि तो जमिनीला टेकतो तोच हलगीवर ठोका पडला. उजवा उचलला गेला, ठोका पडला. दोनदा उजवा, दोन ठोके. मला वाटलं माझ्याच पायांतून आवाज येतोय. घाबरून मी आणखी पाय उचलले, आणि त्या प्रत्येकाला ठोका मिळाला.

तात्या थांबले. मिशीत हसले असावेत. मिशी दाट होती, नक्की सांगता येत नाही.

"तू तुझं भीत ऱ्हा," ते म्हणाले. "मी माझं बघतो."

मालक बोटं पुसत परत आले. "नाचला का?"

"नाचंल."

"तुमच्यापुढं नाचला का?"

"नाचंल म्हणलं की, आबा."

पिंपळीच्या परण्याचा दिवस. मला पहाटे उठवून धुतलं, आयाळीत मोती ओवले, पायात घुंगरू बांधले, कपाळाला गोंडा लावला. मालकांनी गुलाबी फेटा बांधला, आणि त्यांच्या मनात इतकी धास्ती होती की त्यांनी मला "राजा" म्हटलं. नवरदेवाचं वजन बरंच होतं, काळा गॉगल होता, आणि घोड्यावर बसायची त्यालाही पहिलीच वेळ होती. तो चढल्या चढल्या माझी आयाळ धरून बसला. मोती तुटून खाली पडले. मला तो लगेच आवडला. इतक्या माणसांत मनापासून घाबरलेले आम्ही दोघंच होतो.

तात्या आले होते. पण त्यांच्यापुढं ट्रॅक्टरवर एक डीजेही आला होता. तो सुरू झाला तेव्हा माझ्या पायातले घुंगरू मी न हलता वाजले. तात्यांची हलगी हातात होती, हात हलत होता, आवाज मात्र येत नव्हता. डीजेला माझे पाय दिसत नव्हते. आणि माझं जे व्हायचं तेच झालं; एवढ्या भीतीपुढं मी दगड झालो. दोन माणसांनी ओढलं तेव्हा कुठं चाललो, आणि चाललो तो कुणी देव्हाऱ्यातली मूर्ती ढकलावी तसा.

नवरदेवाचा चुलता बाजूनं चालत होता. त्याला मामाकडच्यांचा राग होताच, कसला ते मला माहीत नाही. लग्नात तो असतोच. त्यानं मालकांना गाठलं.

"मामा, चार्जिंग करून आणलं न्हाय व्हय घोड्याला?"

"नाचंल की. दम धरा."

"न्हाय, आमी दम धरतो. पोरगं मातूर आजच लग्न करणार हाय."

लोक हसले. मालक माझ्याजवळ आले. फेट्याखाली घाम आला होता. म्हणाले, "नाच की रं बाबा." रागानं नाही, विनवून. मला तेव्हा कळलं की बाजाराची भीती त्यांनाही वाटत होती. मला न्यावं लागेल ह्याची. पण माझ्या पायांत काही उतरत नव्हतं, नुसता डीजे उतरत होता. मी तात्यांकडं बघितलं. ते आता वाजवायचं सोडून शांतपणे मिशीवरून हात फिरवत चालले होते, जसं काही त्यांचं काम अजून सुरूच झालं नव्हतं.

तसंच होतं. मारुतीच्या देवळाची गल्ली अरुंद आहे आणि तोंडाशी विजेच्या तारा खाली लोंबतात. एवढी कर्ण्यांची चळत घेऊन ट्रॅक्टर आत जाऊच शकत नाही. तात्यांनी ह्या गल्लीतून किती नवरदेव नेलेत कुणास ठाऊक. त्यांना हे माहीत होतं, डीजेवाल्याला नव्हतं. ट्रॅक्टर कोपऱ्यावर थांबला, आवाज बंद झाला. एकदम सगळं इतकं शांत झालं की मला वाटलं, का थांबला, काही झालं का.

आणि माझे पाय सुटले.

तात्या माझ्यासमोर आले होते. हलगीवाला वरातीत उलटा चालतो, तोंड घोड्याकडं आणि पाठ रस्त्याकडं. त्यांनी चेहऱ्याकडं, नवरदेवाकडं, कुणाकडंच बघितलं नाही. फक्त माझ्या खुरांकडं. डावा, ठोका. उजवा, ठोका. उजवा, डावा, डावा, आणि हलगी तशीच्या तशी, जणू मी तिच्याच सांगण्यावरून करतोय.

"आरं, नाचतोय की," कुणीतरी म्हणालं.

पोरांनी शिट्ट्या मारल्या. शिट्ट्यांना मी आणखी घाबरलो, पाय आणखी भराभर उचलले, हलगी आणखी भराभर. एका बाईनं ओवाळायचं ताट पेटत्या निरांजनासकट माझ्या नाकापुढं आणलं. मी मान वर टाकून मागं झालो, तात्यांनी हलगीवर एक लांब गडगडाट केला, आणि लोक म्हणाले, "सलामी दिली." कुणीतरी बाजूलाच नारळ फोडला. मी चारही पायांनी उडालो, नेमका तेव्हाच हलगीचा कडाका. वर नवरदेव मारुतीचं नाव घेत होता. देऊळ अजून यायचं होतं.

सगळं असंच पार पडलं असतं, पण मालकांना राहवलं नाही. त्यांचे डोळे भरून आले होते. ते हात वर करून पुढं आले आणि माझ्या आणि तात्यांच्या मधे नाचायला लागले. डावा पाय, उजवा पाय, गिरकी. तीच गोठ्यातली.

आता तात्यांना माझे पाय दिसेनात. तिथं मालकांचं पोट होतं.

पहिला ठोका चुकला. दुसराही. माझे पाय एकीकडं आणि हलगी एकीकडं. चुलत्याची मान तिरकी झाली, त्यानं शेजारच्याच्या कानात काही सांगायला तोंड नेलं. मला बाजार दिसला, ट्रक दिसला, आणि मालकीणबाईंचा तळवा. आणि मग मी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. मी भ्यायचं सोडून ऐकलं. हलगी कुठं पडतेय ते ऐकलं आणि डावा पाय तिथं ठेवला. मग उजवा. पुन्हा डावा. चार ठोके असतील, फार तर पाच. दुसऱ्या धड्यात नापास झालेला मी तेवढे पाच ठोके पास झालो.

मग मालक बाजूला सरकले, तात्यांना माझे पाय दिसले, आणि बाकीचं त्यांनी सांभाळलं. पण त्यांनी एकदा, त्या दिवसात एकदाच, खुरांवरून नजर उचलून माझ्या तोंडाकडं बघितलं. त्यांना कळलं होतं.

लग्न लागलं. मंडपात मालक सगळ्यांना सांगत होते, "रोज स्पीकर लावून शिकवला मी त्येला. स्वता नाचून दावायचो." चुलता म्हणाला, "ते दिसलंच की मामा. तुमचा घोडा तुमच्यापेक्षा बरा नाचतो." मालकांनी ही तारीफ म्हणून घेतली. मालकीणबाई मात्र एक ताट वाढून मांडवाबाहेर आल्या, जिथं मला लिंबाखाली बांधलं होतं आणि तात्या माझ्याशेजारी पाय लांब करून बसले होते. ताट त्यांच्यापुढं ठेवलं. मग माझ्या कपाळावर तळवा ठेवला आणि तात्यांना म्हणाल्या, "तुमच्यामुळं ऱ्हायला बगा ह्यो."

"त्यो नाचला," तात्या म्हणाले. "मी वाजवलं."

मालकीणबाई हसून आत गेल्या. तात्या जेवले. मधेच बुंदीचा अर्धा लाडू माझ्यापुढं धरला. मग गुडघा चोळत, माझ्याशी की स्वतःशी ते कळलं नाही, म्हणाले, "इतकी वर्सं झाली, घोड्यापुढं उलटाच चालतोय. वर बसलेल्याला रस्ता कसा दिसतो, कुणास ठाऊक. कुणी बसवलंच न्हाय कधी."

मी त्यांच्या खांद्यावर नाक टेकवलं. ते म्हणाले, "लाडू संपला," आणि उठले.

तेव्हापासून मालक मला त्याच परण्याला पाठवतात जिथं तात्या असतील. लोकांना सांगतात, "माझा घोडा दुसऱ्याच्या हलगीवर पाय उचलत न्हाय. लई मानी हाय." माझ्या अज्ञानाला मान हे नाव मिळालं, ह्याबद्दलही मी आभारीच आहे. बाजाराचा विषय पुन्हा निघालेला नाही. ते पाच ठोके पुढं कधी सात होतात, कधी दोनच. तात्या वाट बघतात. नाही जमलं तर माझ्या भीतीला ताल देतात.

मला लिहिता-बोलता येत नाही, पैसा माझ्याजवळ नाही, आणि मी दिलेला लाडू कुणी खाणार नाही. माझ्याजवळ एक पाठ आहे. तिच्यावर नवरदेव बसतात, त्यांच्या पुतण्यांना फोटोपुरतं बसवतात. एक दिवस, मग मालक कितीही म्हणोत आणि रस्त्यात कितीही पिशव्या उडोत, भिगवणच्या त्या पाण्याकडेला मी तात्यांजवळ गुडघे टेकून बसणार आहे. बसायला मला कुणी शिकवलेलं नाही, शिकेन. त्यांचा गुडघा दुखतो, उंच चढता यायचं नाही. ते बसले की मी उठेन आणि त्यांना गावाच्या मधल्या रस्त्यानं मारुतीपर्यंत नेईन. त्या दिवशी हलगी त्यांच्या मांडीवर गप्प असेल आणि मी एकही पाय वेडावाकडा टाकणार नाही. सरळ चालेन. रस्ता एकदा त्यांना तोंडासमोरून येताना दिसला पाहिजे.